देवरावांच्या फोनवर चालत नाही

"भाऊ, हे चालून नाही राहिलं."

रागिणी अंकुरशी बोलली ते हे पहिलं वाक्य. त्यातला पहिला शब्द प्रेमाला घातक होता, उरलेले धंद्याला.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात ती स्टोअर सांभाळायची. कोणता तागा कोणत्या मांडणीवर आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर घेऊन तो अकोल्याहून आला होता.

"माझ्या लॅपटॉपवर तर चालते," तो म्हणाला.

"मंग लॅपटॉप इथंच ठेवून जा. तुमी जा अकोल्याले."

एवढं बोलून तिनं ओढणीच्या टोकानं स्क्रीनवरची कापसाची धूळ पुसली आणि हसली... अगदी जरासं. अंकुर संध्याकाळी लॅपटॉप घेऊनच परतला. बाकीचं बरंचसं स्टोअरमध्ये राहिलं.

घोळ असा होता : कारखान्यात कॉम्प्युटर तीन आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. ऑफिसात विंडोज. स्टोअरमध्ये लिनक्स, कारण ते फुकट मिळतं. आणि रंगखात्यात मॅक, कारण मालक शेखरसाहेबांच्या जावयानं तो अमेरिकेहून आणला होता आणि ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती. अंकुरनं प्रोग्राम लिहिला होता तो फक्त विंडोजला ओळख देणाऱ्या भाषेत. का? तर कॉलेजात तीच शिकवली होती.

मग दर गुरुवारी एसटीनं अमरावती गाठणं आलं. फाईलचा पत्ता लिहिताना विंडोजला रेघ एका बाजूला कललेली लागते, लिनक्सला दुसऱ्या. त्यात एक गुरुवार गेला. मॅकवर मराठी अक्षरांचे चौकोन झाले, त्यात दोन. तिसऱ्या गुरुवारी तिच्या बोलण्यातला 'भाऊ' गळाला. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही, पण त्या रिकाम्या जागेवर अंकुरनं महिना काढला.

सगळं नव्यानं, तिन्हीकडे चालणाऱ्या भाषेत लिहिलं की काम संपणार, हे त्याला दुसऱ्याच गुरुवारी कळलं होतं. पण मग — अमरावतीला कोण येणार?

शुक्रवार ते बुधवार तो अकोल्यात नुसता ठेवलेला असायचा. एकदा मूर्तिजापूरला बस थांबली असताना तिचा मेसेज आला : 'मॅकवर पुन्हा चौकोन.' त्यानं तो अकरा वेळा वाचला. इतकं गोड त्याला आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

मग शेखरसाहेब कडाडले. "पुढच्या गुरुवारी तिन्हीकडे चाललं पाह्यजे. नाही तं काम नागपूरच्या पोट्ट्याले देतो!"

नागपूरचा पोट्टा तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलाय... हे चित्र अंकुरला झेपेना. सहा दिवसांत त्यानं सगळं नव्या भाषेत लिहून काढलं. गुरुवारी ते तिन्ही मशिनींवर पहिल्याच फटक्यात चाललं. त्याच्या आयुष्यात असं कधीच झालं नव्हतं. नेमकं आजच व्हायचं होतं.

"चाललं," रागिणी म्हणाली. कोणी गेल्याची बातमी द्यावी तशी.

"हो."

"रंगखात्यात बी?"

"तिथं बी."

"मंग आता तुमी..."

"आता काय काम?"

पंखा फिरत राहिला. तिनं एकच तागा दोनदा उचलून दोनदा तिथंच ठेवला. मग पर्समधून रबरबँड लावलेला बटनाचा फोन काढला.

"बाबांचा आहे. चांदूर रेल्वेले राह्यतो आमी. सकाळी मागून आणला. याच्यावर चालते का?"

अंकुरनं फोन उलटसुलट पाहिला. टॉर्च होता, रेडिओ होता, मागे खिळ्यानं कोरलेलं 'देवराव' होतं. इंजिनिअर प्रामाणिक. म्हणाला, "याच्यावर नाही चालणार. जगातली कोणतीही भाषा घ्या."

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

"किती गुरुवार लागतीन?"

"गुरुवारांनी काय होते? अख्खा जन्म गेला तरी —"

तो थांबला. रागिणी स्क्रीनकडे एकटक पाहत होती. स्क्रीन बंद होती. तिच्या कानाची पाळी रंगखात्यातून आल्यासारखी लाल झाली होती.

"...जन्म लागन," अंकुर हळूच म्हणाला.

"मंग रविवारपासून लागा कामाले. बाबा घरीच असतात." तिनं फोनला पुन्हा रबरबँड लावला. "आन् आयका — लॅपटॉप अकोल्यालेच ठेवा. तुमी या."