सुखीबाईची मांडी

धुळवडीला मी दिग्रसहून पुसदला माहेरी निघाले होते. मांडीवर पाच महिन्यांचा मारोती, आणि तो रडत होता. कायमच रडायचा. बालसंगोपनाची दोन पुस्तकं मी वाचली होती. त्याने एकही वाचलं नव्हतं.

वाटेत एस.टी. बंद पडली. कंडक्टरने आम्हा बायकांना जवळच्या बंजारा तांड्यावर सावलीला बसवलं. हवेत राखेचा आणि पळसाच्या रंगाचा वास. अंगणात धुंड चालली होती. गेल्या होळीनंतर जन्मलेलं मूल आई मांडीवर घेऊन बसते. पुरुष त्याच्यावर काठ्या धरून वाजवतात आणि नाव घेऊन त्याला आयुष्य मागतात.

कडेला बसलेल्या एका बाईने, सुखीबाईने, हात पुढे केले.

"द्या ना बाई मले लेकरू थोडसं. माहा हिरासिंग पोळ्याच्या वक्ती वारला. तुमच्या पोराची बी धुंड होऊन जाईन."

"घाबरू नोको," एक म्हातारी मला म्हणाली, "काठी लागत नाई. शाळा शिकलेली दिसतं, म्हनून सांगतो."

मी दिलं. तिच्या मांडीवर जाताच तो गप्प झाला.

तांड्याच्या नाईकाने, फुलसिंगने, काठी उचलून विचारलं, "नाव?"

"हिरासिंग," सुखीबाई म्हणाली.

मधे बोलावं की नाही, हे ठरवेपर्यंत काठ्या वाजू लागल्या. सगळा तांडा हिरासिंगला आयुष्य मागत होता. नावाने काय होतं, मी मनाशी म्हटलं. मॅट्रिकचा तेवढाच उपयोग.

त्यानंतर तो रडलाच नाही. भूक लागली तरी नाही. मारोती म्हटलं तर वळून बघेना. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत. दिग्रसला परतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गुनाचं झालं माय लेकरू. तू बी झोप आता."

मला झोप कुठली?

चैत्रातल्या एका दुपारी मी त्याला घेऊन तांड्यावर गेले. खरं नाव घेऊन पुन्हा धुंड करा, एवढंच सांगायचं होतं. सुखीबाई दारात बसून मांडी हलवत होती. मांडीवर काही नव्हतं.

माझ्या कडेवरून तो तिच्याकडे बघून हसला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "गेल्यावर बी माहा हिरा रोज मांडीवर येऊन निजे. कधी रडे नाई. पन होळीपासून..." तिने रिकाम्या मांडीवर हात फिरवला. "होळीपासून हे लेकरू रडूनच राह्यलं. कोनाचं हाय, समजत नाई. मले दूध बी नाई आता..."

मला कसलंच रडणं ऐकू येत नव्हतं. कडेवरचं बाळ निवांत होतं, भुकेलंही नव्हतं. तरी मला पान्हा फुटला. चोळी भिजली, पदरापर्यंत ओल आली, आणि मी त्या मांडीसमोर खाली बसले.