तिठ्यावरचे एकोणीस प्रवासी

ज्या तिठ्यावर एकही घर नाही, दुकान नाही, साधी पाणपोईसुद्धा नाही, तिथून रोज सकाळी एकोणीस माणसं बसमध्ये चढतात. कुठून येतात ही माणसं?

हा प्रश्न वाटाड्याला कधी पडलाच नव्हता. तसा वाटाड्या भलता हुशार! पंचायत समितीचा हा यंत्रमानव तालुक्यातल्या सत्तर गावांच्या गाड्या एकटा सांभाळायचा. गाड्यांना चालक नव्हते, वाहक नव्हते. मोठ्या रस्त्यावर ठरलेल्या वेळी मोठी बस धावे. डोंगरातल्या वाड्यांसाठी मात्र बोलावगाडी (बोलावलं तरच येणारी गाडी) होती. थांब्यावरचं बटण दाबायचं, की वाटाड्या गाडी पाठवणार. जितक्या वेळा बटण, तितकी मोठी गाडी.

आज तो आंबेदऱ्याच्या ग्रामसभेत आला होता, आणि बातमी काही बरी नव्हती.

"माझी विदा (मोजून गोळा केलेली माहिती) सांगते की आंबेदऱ्यातून रोज दोनच प्रवासी निघतात," तो नम्रपणे म्हणाला. "चार किलोमीटरवरच्या तिठ्यावर एकोणीस. म्हणून पुढच्या महिन्यापासून इथली गाडी बंद करून तिठ्यावर जादा बस द्यावी, असा प्रस्ताव आहे."

मागच्या रांगेतली कस्तुरी पुढे सरकून ऐकू लागली. वाडीतली शाळा सातवीपर्यंतच. जूनपासून तिला निमगावच्या शाळेत जायचं होतं, आणि बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाडी वाडीत येत असेल तरच. शाळा सुटल्यावर रानातून चार किलोमीटर एकटीने चालत यायचं नाही.

ती डोळे फाडून पडद्यावरचा नकाशा बघत राहिली. आंबेदऱ्याचा ठिपका मोहरीएवढा. तिठ्याचा लिंबाएवढा. तिठ्यावर तर नुसतं करंजाचं झाड आहे!

ती ताडकन उभी राहिली. "तिथं कुणीच राहत नाही! ती एकोणीस माणसं आमचीच आहेत. माझा बाबा त्यात असतो, सुमनकाकी असते. सगळे इथून चालत जातात!"

सभेत कुजबुज सुरू झाली. वाहतूक नियोजक निलोफर शिकलगार पुढे सरसावल्या. "मग इथूनच गाडी का बोलावत नाही तुम्ही?"

"बोलावतो की!" भिवाआजोबा म्हणाले. ते वाडीतले सर्वांत वडीलधारे. "रोज सकाळी म्या सोता बटण दाबतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी कशापायी? एकानं हाक मारली की वाडीची हाक झाली. समद्यांनी दाबून त्या गाडीचं डोकं खायचं व्हय? बरं दिसतं का ते?"

"आणि मग गाडी येते ती दोन सीटची," सुमनकाकी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, सरकारकडं तेवढीच असंल. दवाखान्याला निघालेल्या दोन म्हाताऱ्या बसवतो, आम्ही चालत सुटतो."

निलोफरबाईंनी कपाळावर हात मारला. माणसं होती भली, आणि भलेपणानेच घोटाळा केला होता! गाडीत एखादा वाहक असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

वाटाड्याचे दिवे मंदावले. "माझ्या मोजणीत एक बटण म्हणजे एक माणूस, म्हणून मी सर्वांत छोटी गाडी पाठवत राहिलो. तुमच्यात एक बटण म्हणजे अख्खी वाडी. मी बरोबर मोजलं, पण चुकीचं समजलो."

"याला सुप्त मागणी म्हणतात," निलोफरबाई कस्तुरीला म्हणाल्या. "गरज असते, पण मोजणीत दिसत नाही. गाडी छोटी, म्हणून माणसं चालतात. माणसं चालतात, म्हणून इथं प्रवासी कमी दिसतात. मग यंत्र म्हणतं, गाडीच नको."

कस्तुरी विचारात पडली. "पण बाई, जे चालूच शकत नाहीत त्यांचं काय? ते तर तिठ्यावरही मोजले गेले नसतील."

निलोफरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं नियोजन करून त्यांना जे सुचलं नव्हतं ते या पोरीने सहज विचारलं होतं. त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

वाटाड्याने पडदा बंद केला. "गाडी आली तर कोण कोण निघेल?" त्याने पहिल्यांदाच माणसांना विचारलं.

हात वर झाले. कुणाला दवाखान्यात जायचं होतं, कुणाला बाजारात मध विकायचा होता. सरूआजीला फक्त निमगावात दिलेल्या लेकीला भेटायचं होतं. गुडघ्यांमुळे सहा वर्षं जमलं नव्हतं. एकूण हात भरले चौतीस.

बंदचा प्रस्ताव तिथेच रद्द झाला. बटणाशेजारी आकड्यांची पाटी बसली आणि भिवाआजोबा ऐटीत 'चौतीस' दाबायला शिकले. जिथे बस रिकाम्या धावतात अशा सगळ्या गावांत जाऊन आधी विचारायचं, असं वाटाड्याने स्वतःच ठरवलं.

जूनमधल्या पहिल्या सोमवारी घाट चढू शकणारी सर्वांत मोठी, तीस आसनांची बस आंबेदऱ्यात आली. सरूआजी खिडकीशी बसली. कस्तुरीला काही जागा मिळाली नाही. नवं दप्तर सांभाळत, दांडी धरून ती सगळा घाट उभ्यानेच उतरली. आयुष्यात इतकी खूश ती कधीच झाली नव्हती.