कंपालामार्गे तक्रार

प्रेमाला कोणतीही भिंत अडवू शकत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. फक्त भिंतीच्या एका बाजूला इस्पितळ आणि दुसऱ्या बाजूला कंत्राटदार असेल, तर आधी कंपालाला फोन करावा लागतो.

आमच्या फोर्ट पोर्टलच्या इस्पितळाने धुलाई एका कंपनीला दिली, स्वयंपाक दुसरीला, पहारा तिसरीला. आजारी माणसं तेवढी अजून इस्पितळाची स्वतःची होती. कंपन्यांच्या माणसांना परस्पर काही सांगायचं नाही, असा करारच होता. चादर मळकी आली तर राजधानीत, कंपालाला, कंपनीच्या मुख्य कचेरीत कळवायचं, कंपाला धुलाईखान्याला कळवणार, आणि मग धुलाईखान्यातून कुणीतरी अंगण ओलांडून चादर बघायला येणार.

आराली हा पुरुषांच्या वॉर्डातला ब्रदर. जुने आचारी, धोबी, पहारेकरी गेले, तशी त्याची हाक मारायची माणसंही गेली. आमच्याकडे माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे दार न वाजवता घरात शिरणं. प्रत्येकाला एक एम्पाको असतं, लाडाचं आणि मानाचं नाव; आराली हेही तसंच. हाक मारायची ती त्याच नावाने. नवी माणसं मात्र छातीवर कंपनीचा बिल्ला लावून यायची आणि एम्पाको विचारेपर्यंत बदलून जायची. आरालीला दिवसभर बोलायला माणसं होती, हाक मारायला कुणी नव्हतं.

त्या दुपारी पत्र्यावर पाऊस ताशे बडवत होता. पडवीत एक मुलगी चादरींची गाडी घेऊन थांबली होती. रेनकोट तिने चादरींना घातला होता आणि स्वतः निथळत होती.

"अहो, उलटं झालंय," आराली म्हणाला. "रेनकोट माणसाने घालायचा असतो."

"चादरी भिजल्या तर तुम्ही तक्रार कराल. मी भिजले तर कोण करणार आहे?"

त्याने आमच्याकडे सगळेच विचारतात तेच विचारलं. "एम्पाको काय तुमचं?"

"मी उत्तरेकडची, गुलूची. आमच्याकडे नसतं ते. नाव लाकेर." तिने चादरींवरचा रेनकोट सारखा केला. "इथे सगळे 'ए लाँड्री' म्हणतात... आता तर मी वळूनही बघते."

जेवायला प्रत्येक कंपनीचा बाक वेगळा. धुलाईखान्यात कामाला यंत्रंच, म्हणून त्या बाकावर लाकेर एकटी. इस्पितळाची बाकीची माणसं घरी जेवायची, म्हणून त्यांच्या बाकावर आराली एकटा. मध्ये अंगण, अव्होकाडोचं झाड आणि करार.

शेवटी आरालीने कंपालाला फोन लावला. तक्रार, उशीच्या खोळीला साबणाचा वास येतो.

लाकेर आली. खोळ हुंगून म्हणाली, "मग कशाचा यायला हवा?"

"तेच... तेच तुम्हाला विचारायचं होतं."

पुढची तक्रार, चादरी फार पांढऱ्या आहेत. "रुग्णांना वाटतं, वर पोचलो."

"मळवून आणू का?"

"आणा — पण तुम्हीच आणा."

ती हसली. फोर्ट पोर्टलमध्ये ती पहिल्यांदाच हसली असावी, कारण आपल्याच आवाजाला दचकली.

तक्रारी वाढल्या, 'तुम्ही'चं 'तू' झालं. एका रविवारी आरालीच्या आत्याने तिला जेवायला बोलावलं, नाचणीचा गोळा आणि घोटलेला घेवडा स्वतःच्या हाताने भरवला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून तू अकीकी."

लाकेरने मान खाली घातली ती बराच वेळ वर केलीच नाही.

"काय गं, तिखट लागलं?" आत्याने विचारलं. घेवड्यात तिखट नव्हतंच.

इस्पितळात ती अजूनही लाँड्रीच होती. एकच आवाज तिला अकीकी म्हणायचा, तोही हळू, तक्रारीच्या आडून.

मग एका सकाळी ती न बोलावताच आली.

"आज मी फोन केला नव्हता," आराली म्हणाला.

"माझी बदली झाली. म्बालेला."

म्बाले म्हणजे देशाचं दुसरं टोक.

"एकाच वॉर्डातून इतक्या तक्रारी, तेव्हा माझं कामच वाईट आहे, असं कंपालाचं म्हणणं."

"पण त्या तक्रारी तर —"

"मला ठाऊक होतं रे. कंपालाला फोनवर तुझा चेहरा दिसत नाही ना."

ती धुलाईखान्यात परतली. आरालीने त्या सकाळी एकाच रुग्णाचा ताप पुन्हा पुन्हा मोजला. ताप बिचाऱ्याला नव्हताच. मग त्याने फोन उचलला.

"तक्रारी मागे घ्यायच्यात."

"मागे घेता येत नाहीत, साहेब," कंपालाची बाई म्हणाली. "नवीन नोंदवता येते."

"मग नवीन घ्या. आधीच्या सगळ्या खोट्या होत्या. चादरी उत्तम आहेत. माझं त्या मुलीवर प्रेम आहे आणि... आणि मला ते तिला सांगता आलेलं नाही."

"तक्रार तातडीची आहे का?"

"फार."

"संबंधितांना कळवते."

कंपाला काहीही असो, नियमाला पक्कं. धुलाईखान्यातला फोन वाजला. आणि ओल्या हातांनी अंगण ओलांडून लाकेर वॉर्डात आली.

"तक्रार आलीय," ती करड्या आवाजात म्हणाली. "इथल्या ब्रदरचं प्रेम आहे म्हणे. जागेवर जाऊन खात्री कर, असं सांगितलंय."

"मग... झाली खात्री?"

"बघतेय." तिने खरंच बघितलं, डोळे न हलवता. "कधीपासून आहे हे?"

"खोळीच्या आधीपासून."

"मग खोळीवर कशाला आळ घेतलास, मेल्या?"

"चुकलं. आणि बदली?"

"ती काही टळत नाही. सोमवारी बस आहे." तिचा आवाज उतरला. "तिथे परत 'ए लाँड्री'. तिथे मला कोण ओळखतंय?"

"म्बालेच्या इस्पितळालाही ब्रदर लागत असतील," आराली म्हणाला. "आत्याला विचारतो... नाही, आत्याला सांगतो."

"येशील?"

"तू हो म्हण. लगेच नाही जमणार, पण येतो."

तिने ओला हात पुढे केला. त्याने तो धरला आणि सगळा वॉर्ड श्वास रोखून बघत राहिला. खोकणाऱ्यांनी खोकला गिळला, कण्हणाऱ्यांनी कण्हणं थांबवलं.

मग कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा अवघडून म्हणाले, "आराली, बाळा, तुमचं उरकलं असेल तर... कुणाच्या कंत्राटात येतं मला ठाऊक नाही, पण जरा भांडं देतोस का?"