ढोल्याचा कान

गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. आणि आता? तिसरीची चोवीस पोरं मला ‘ताई’ म्हणतात आणि मी ‘शांत!’ म्हटलं की चक्क शांत बसतात! दर बुधवारी शेवटचे दोन तास मी आणि चष्मिश त्यांना रोबो शिकवतो. चष्मिश म्हणजे माझी बालवाडीपासूनची मैत्रीण, आताही माझ्याच वर्गात.

रोबोचं नाव ढोल्या. अर्ध्या फुटबॉलएवढा, खाली चाकं, पाठीवर बाणांची बटणं, ‘सुरू’चं बटण आणि मधोमध आधीचं सगळं पुसणारं ‘क्लिअर’. प्रयोगशाळेच्या फरशीवर आम्ही पिवळ्या टेपने चौकोन आखलेत. फळ्यावर बाणांची कार्डं ओळीने लावायची, पोरांनी ती बघून बटणं दाबायची, की ढोल्या निघाला घराच्या चौकोनाकडे.

चुकलं की पोरं रडायची. म्हणून मी नियम केला: रडायचं नाही, आपली चूक ढोल्याच्या कानात सांगायची, क्लिअर दाबायचं, पुन्हा सुरू. कान पोरांनीच स्केचपेनने काढला. जरा वाकडाच आहे.

मग विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, वर्षभर हा वर्ग दोघींपैकी एकीलाच मिळेल. शुक्रवारी मुख्याध्यापिकांसमोर एकेकीने शिकवून दाखवा.

मी आदल्या दिवशीच सात कार्डं लावून ठेवली. शुक्रवारी पोरांनी बटणं दाबली. ढोल्या दोन घरं नीट गेला, मग वळला तो थेट भिंतीवर! पोरं खो खो हसली.

“तयारी नको का गं करायला?” बाई म्हणाल्या. माझे कान तापले.

चष्मिशच्या पाळीला मात्र ढोल्या बरोब्बर घरी पोचला. वर्ग तिला मिळाला. “सॉरी गं,” म्हणत तिने मला मिठी मारली. मीही मारली.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी आवरत होतो. मला राहवेना. मी क्लिअर दाबलं, एकदा ‘पुढे’ आणि मग ‘सुरू’.

ढोल्या एक घर पुढे गेला. थांबला. वळला. टेप ओलांडून चष्मिशच्या बुटाला टेकला.

“जुनं काहीतरी राहिलंय त्याच्यात,” मी म्हटलं.

“मग नीट पूस की!”

मी तीनदा पुसलं. उलटा करून पोटाखालचा खटका बंद केला आणि त्याला दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. चष्मिश खिडकीशी गेली होती.

चाकांची बारीक घरघर आली. ढोल्या खिडकीकडे निघाला.

ती दाराशी गेली. तो दाराकडे वळला.

“ए, बंद कर ना ते!”

“बंदच आहे.”

ती बाकावर चढली. ढोल्या बाकाच्या पायाला टेकून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“सकाळी लवकर येऊन मीच कार्डं बदलली,” ती म्हणाली. “दोन. मग मला इतकं कसंतरी झालं... मी त्याला सांगितलं. त्याच्या कानात.”

माझी मैत्रीण. बालवाडीपासूनची!

“तूच म्हणालीस ना, त्याला सांगितलं की झालं?” ती माझ्यावरच ओरडली. “मग तो असं का करतोय? तू फसवलंस मला!”

ती रडायला लागली. मी घसा साफ केला. वर्ग चालवतानाचा माझा तो नवा आवाज काढला.

“जाऊ दे गं. माझ्या मनात काही नाही. खरंच, मी विसरलेसुद्धा.”

तिने डोळे पुसले. हसली.

चाकं घरघरली.

ढोल्या बाकापासून मागे सरला. सावकाश वळला. एक घर. दोन घरं.

माझ्या बुटाला काहीतरी हलकेच टेकलं.

मी खाली बघितलं नाही. चष्मिश बघत होती.