थोरल्याचा नंबर

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी साताऱ्याच्या स्टँडवर जिव्हाळाचित्र लागलं आणि मदतनिधीच्या पेटीसमोर रांगा लागल्या. पडद्यावरचं ते चित्र तसं साधंच. खाटेवर डोक्याला पट्टी बांधलेलं एक जखमी माणूस आणि खाली ओळ, 'हे तुमचंच माणूस आहे.' मालनबाई निकमांनी त्याच्यासमोर उभ्या उभ्या हातातल्या पाटल्या उतरवल्या होत्या. खाटेवर त्यांचा धाकटा, सुजय होता.

पुढे महिनाभर रोज सुजयच. पण मालनबाईंची दोन्ही मुलं सीमेवर होती. सरकारी काम म्हटलं की वशिला आलाच, असं मनाशी धरून त्या तडक निधीच्या कचेरीत गेल्या. चित्र तयार करणाऱ्या डॉ. टिपणीस तिथे भेटल्या.

"बाई, थोरल्याचा नंबर कधी? माझ्या रणजितनं बी गोळी खाल्लीया. त्येचा फोटू का लावत न्हाई?"

डॉक्टरांना आधी हसू आलं, मग ते विरलं.

"आम्ही कुणाचाच फोटो लावत नाही, मालनबाई. आवडतं माणूस दिसलं की डोळ्याची बाहुली मोठी होते. चौकटीतला कॅमेरा तेवढंच पाहतो. यंत्र खाटेवरचा चेहरा थोडा थोडा बदलत राहतं. बाहुली मोठी झाली तर बदल ठेवतं, नाहीतर पुसतं. दोन क्षणांत तुमचा सगळ्यात लाडका चेहरा तयार होतो. शेजारी उभ्या असलेल्याला त्याचं माणूस दिसतं."

"म्हंजी त्यो मीच काढती?"

"तुमचे डोळे काढतात."

आईला सगळी लेकरं सारखी, असं मालनबाई चारचौघींत ठासून सांगत आल्या होत्या. बाहुली मात्र कुणाची भीड धरत नाही. त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"माझ्यापुरतं बदला की त्येला."

"चित्र बदलीन हो. डोळे कसे बदलू?"

रविवारी रणजित सुट्टीवर आला. दंड बांधलेला. एसटीतून उतरला तो थेट चित्रासमोर थांबला. मालनबाई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे ताणून त्याचं लहानपण आठवलं, गोवरात तापलेलं त्याचं अंग आठवलं. खाटेवर सुजयच होता.

"पलटणीत सांगत्यात, ह्यात आपलं माणूस दिसतं," रणजित म्हणाला. "मला तर तूच दिसतीस, आई. तुला कोण दिसतंय?"

"तूच की रं, लेकरा."

रणजितने आईकडे पाहिलं आणि बॅग उचलली.

"लई लागलंय का गं सुजयला?"