समोरची मोकळी जागा

नोव्हेंबरातल्या एका पहाटे योगिनी सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, धावायला गेली आणि धुक्यात तिला एक माणूस हवेला ढकलताना दिसला.

फार हळू. तळहात पुढे जायचे, कशाला तरी टेकायचे, मग कोणी दाबल्यासारखे मागे यायचे… समोर कोणी नव्हतं. कातळावरचं सुकं गवत वाऱ्याने वाकत होतं. त्याच्या समोरच्या पाटाएवढ्या जागेतलं मात्र हलत नव्हतं.

कोकणातली मुलगी अशा वेळी किंचाळत नाही. विचारपूस करते.

"कुठले तुम्ही?"

"नाटे गावचा. विनीत. जहाजावर असतो," तो मान न वळवता म्हणाला. "जरा थांबा हां… ह्यांचं संपू दे."

ह्यांचं म्हणजे कोणाचं, हे विचारण्याआधी तिने त्याचे पाय बघितले. सरळ होते. मग गुडघे, खांदे, मान… खात्री करणं जरा लांबलंच.

जहाजावरच्या लिन नावाच्या चिनी स्वयंपाक्याने त्याला ‘ताई ची’ ही संथ चिनी कसरत शिकवली होती. दोघांनी मनगटाला मनगट टेकायचं, एकाने रेटायचं, दुसऱ्याने वाट द्यायची. गेल्या वर्षी म्हातारा भर समुद्रात वारला.

"जोडीचा सराव एकट्याने कसा होणार? म्हणून त्याची जागा मोकळी ठेवतो."

"आणि तो येतो?"

"अजून खाडा केलेला नाही."

योगिनी गुरुप्रसादच्या जिममध्ये वजनं उचलायला शिकवायची. "पाय कच्चे आहेत तुमचे," ती म्हणाली. "वजन घेत नाही वाटतं?"

"तुमचे खांदे कानाला लागलेत. श्वास सोडत नाही वाटतं?"

सड्यावर याहून उघड प्रेमाचं बोलणं तोवर झालं नसावं.

मग सकाळी सडा, संध्याकाळी जिम, असं ठरलं. त्याने तिला झाडासारखं उभं राहायला शिकवलं – गुडघे सैल, श्वास बेंबीखाली. तिने त्याच्या खांद्यावर बार ठेवून त्याला उठाबशा काढायला लावल्या. आठवड्याभरात दोघं 'तू'वर आली. तिसऱ्या आठवड्यात, सहा महिने गुडघ्याशी अडणारा तिचा बार सरळ वर आला, दुसरं टोक कोणी धरल्यासारखा. विनीत तेव्हा दाराशी पाणी पीत होता.

गुरुप्रसाद बराच वेळ बारकडे बघत राहिला. मग त्याने आतून नारळ आणला, रॅकपाशी ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, जो कोण पोरांच्या वजनाला हात लावतोस, असाच लाव. पण लायटी चालू बंद करू नको." घामेजलेली पोरं एका सुरात म्हणाली, "व्हय महाराजा."

एवढं सगळं होऊन सड्यावर मात्र विनीत तिला डाव्या हाताला उभं करायचा. समोर लिन.

"मी उभी राहू समोर?" एका पहाटे तिने विचारलं.

"तिथे तो असतो."

"विचार ना त्याला."

"तू आलीस आणि तो कायमचा गेला तर…" त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला.

मेलेला, त्यातून हाताला चव असलेला. असल्या प्रतिस्पर्ध्यापुढे बाईमाणसाने करावं काय? "मग मी उद्यापासून येत नाही," योगिनी म्हणाली. "माझ्याकडे बघायचं असेल तर समोर बघ. बाजूला उभी राहायला मी कुंपण नाही."

ती निघाली. धुक्यात दहा पावलं गेली असेल.

"योगिनी… ये. उभी राहा तिथे."

"आणि तो?"

"सांगतो त्याला." विनीतने मान लववली, मोकळ्या जागेला परक्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि डोळे पुसले.

तिने पाऊल ठेवलं. आत गारठा होता, उघड्या फ्रिजसमोर असतो तसा. आणि तळलेल्या आल्याचा वास. तिने मनगट त्याच्या मनगटाला टेकवलं.

"खांदे," तो म्हणाला.

"सोडलेत. तू बोल काय ते."

"मला तू… म्हणजे, सोमवारी जहाजाला होकार कळवायचाय. मी नाही म्हणणार आहे. तू आवडतेस मला. फार."

आता वाट कोणी द्यायची, हे दोघांनाही सुचेना. तेवढ्यात तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक रुंद, उबदार तळहात टेकला. त्याने रेटलं. अगदी हलकेच. ती थेट विनीतच्या छातीवर गेली.

विनीतचे दोन्ही हात तर तिच्या हातांत होते.

"विनीत," ती हळूच म्हणाली, "माझ्या मागे…"

"वळू नकोस," तो तिच्या केसांत पुटपुटला. "लाजतो तो."