रुपचंदच्या नावाची मूठ

“हाई मूठ कोना नावनी शे, तानू?”

गव्हाच्या टोपलीवर तानुबाईचा हात थबकला… पण मूठ काही सुटली नाही! श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याच्या तोंडी घास जाऊ द्यायचा नाही, ही सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावाची रीत. सासऱ्यांची, शालिग्रामआबांची मूठ पडली. तिच्या मुलाची, झिपरूची पडली. नवरा वारल्यापासून घरात तिसरा पुरुष नव्हता. तरी तानुबाई दर श्रावणात आणखी एक मूठ घालायची, आणि आबा दर श्रावणात न पाहिल्यासारखं करायचे. यंदा विचारणं भाग पडलं… कारण अंगणात बैलगाडी सुटली होती आणि तिच्यातून रुपचंद उतरला होता!

रुपचंद तिचा धाकटा दीर, तिनंच भरवून वाढवलेला. आबांना न विचारता त्यानं विहिरीच्या शेतात केळी लावली. तिकडे विलायतेत लढाई पेटली त्या हिवाळ्यात डोंगरावरून थंडी उतरली आणि बाग करपली. “त्याले सांग, तोंड दाखाडू नको!” आबा तानुबाईपाशी गरजले. बापलेकांचं तुटलं तर जन्माचं तुटेल, भावजयीवरचा राग माणूस वागवू शकतो, असा रोखठोक विचार करून तिनं दिराला सांगितलं, “आबा नही, मीच म्हनस… तू जाय!” तो बोदवडला कापसाच्या जिनमध्ये कामाला लागला. गाव म्हणालं, पोराला सगळं शेत मिळावं म्हणून बाईनं दीर काढला. तिनं तेही निमूट पचवलं…

“आबा, मना वाटा तोडी द्या,” रुपचंद अंगणातूनच बोलला. “घर वहिनीले लखलाभ!”

“पहिले घरमा ये.”

“उद्या कानबाई बसस. रोट घरच्यासना. मी परका…”

“परका?”  आबांनी टोपलीकडे बोट दाखवलं. “मंग हाई मूठ कोनी? दर सालनी? अरे, तुले मी काढं! तिनी फक्त मनं पाप पदरमा बांधं…”

रुपचंद अंगण ओलांडून टोपलीपाशी आला.

“वहिनी… इतला सालना मना रोट कोन खाये?”

“मीच! देवीना रोट का फेकता येस?” तानुबाई ठसक्यात म्हणाली. “तुना वाटानं खाई खाई जाडी व्हयनू. आते तू खाय!”

हसता हसता त्याला हुंदका फुटला, आणि तो तिच्या पायांवर कोसळला… तिनं टोपली सांभाळली.

“उठ, गहू सांडतीन! लगीन करं म्हने तू. पोर शे का?”

“शे. निंबा.”

तिचे डोळे वाहत होते, पण तिनं ते पुसले नाहीत. देवीच्या गव्हाला ओला हात लागता कामा नये! इतकी वर्षं नजर चुकवणाऱ्या आबांनी स्वतः टोपली तिच्यापुढे सरकवली.

“निंबानी मूठ मोठी घे.”

“सव्वाच घेतस, आबा. देवीपुढं लाड नही!”

आणि टोपलीतून वर आलेल्या तिच्या मुठीत गहू मावेनासे होऊन ओघळत होते.